टोपावर दोन ठोके

गेल्या महिन्यात एक गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन माझ्या घरी आले. फोन करून, वेळ ठरवून, पेढे घेऊन आले, म्हणजे वागायला वाईट नव्हते. पण खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "तुमचे मामा म्हणजे मुंबईच्या जॅझमधले एक उपेक्षित महान कलावंत." मी विचारलं, उपेक्षा कोणी केली? ते हसले. मी हसले नाही, कारण मला खरंच उत्तर हवं होतं. पुढे बोलता बोलता त्यांनी अभिमानानं सांगितलं की त्यांचे वडील दर शनिवारी त्याच हॉटेलात नाचायला जात, जिथे मामा वाजवायचा. वडिलांनी कधी गिटारवाल्याचं नाव काढलं का, असं मी विचारलं. "नाही, पण त्या काळी गिटार मागेच असायची ना," ते म्हणाले. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच खुर्चीत बसून माझा चहा पीत होतं.

त्यांनी लालबागच्या एका लग्नात बँडवाल्यांकडून एक चाल ऐकली होती. ती कुणाची म्हणून माग काढत ते भोईवाड्यातल्या आमच्या जुन्या वाडीपर्यंत आणि तिथून माझ्यापर्यंत पोचले होते. "मधेच ती चाल थांबते, दोन ठोके पडतात आणि पुन्हा उचलते. काय विचार आहे त्यात! काळाच्या कितीतरी पुढे," ते डोळे मिटून म्हणाले. मी बँकेत तीस वर्षं काउंटरवर बसलेली बाई आहे. समोरचा माणूस न समजता बोलतोय हे मला लगेच कळतं आणि त्याला लगेच सांगायचं नसतं हेही कळतं. त्यांना मी त्या दिवशी फारसं काही सांगितलं नाही. इथे लिहिते.

इनासमामा हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, वेगळं घर केलं नाही, आमच्याच घराच्या मागच्या खोलीत राहिला. आमचं घर म्हणजे वाडीतल्या रांगेतलं शेवटचं. पुढे ओटा, मधे झोपायची खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याला चिकटून मामाची खोली, जिची खिडकी गल्लीत उघडायची. आम्ही ख्रिस्ती, पण घरात मराठीच. आईच्या माहेरचे लोक मुंबईत गिरण्या यायच्या आधीपासून इथे भात लावत होते. संयुक्त महाराष्ट्राची गडबड सुरू झाली तेव्हा नाक्यावरचा एक हिरो आईला म्हणाला होता, "तुम्ही पाववाले, तुम्हांला काय, मुंबई कुणाचीही झाली तरी." आईनं हातातली मासळीची पिशवी खाली ठेवली आणि त्याला त्याच्या मायबोलीत असं काही ऐकवलं की त्यानंतर तो तिला पाहिला की रस्ता ओलांडायचा. माझी आई, रोझी तिचं नाव, वाडीत भांडणासाठी प्रसिद्ध होती. मी तिच्यावर गेले असं लोक म्हणतात. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही.

पप्पा गिरणीत फिटर होते आणि बहुतेक रात्रपाळीलाच असायचे. त्यामुळे आमच्या घरात दिवस हीच रात्र होती. दुपारभर आम्ही कुजबुजत बोलायचो, चपला हातात घेऊन चालायचो. आई मे महिन्यात वर्षाचा बाटली मसाला करायची, तेव्हा कांडणाऱ्या बायकांना पार दुसऱ्या टोकाच्या ओट्यावर बसवायची. पप्पा झोपलेत हे वाक्य मी लहानपणी जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा प्रार्थनासुद्धा म्हटली नसेल. आणि अशा घरात हा गिटारवाला.

हॉटेलात मामाचं काम काय, तर ठेका धरायचा. सॅक्सोफोनवाला पुढे येऊन डोलायचा, ट्रंपेटवाल्यावर दिवा पडायचा. मामा मागच्या रांगेत, एका मोठ्या कुंडीच्या आड, संध्याकाळभर छाट छाट छाट करत बसायचा. एकदा मला त्यानं समजावलं होतं, "अग्ने, माझी गिटार कुणाला ऐकू येत नाही. पण मी थांबलो ना, तर नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. एवढंच माझं काम." बँडमास्टर रॉनी म्हणून होता. उंच, गोरा, केसांना तेल. तो मामाला कधी सोलो देत नसे. मामा बुटका, काळा, पप्पांचे जुने बूट घालून जाणारा. अशा माणसाला दिव्यात कशाला आणायचं? त्यातून दारूबंदी आली होती, गिऱ्हाईक कमी झालं होतं आणि रॉनीला वाटायचं, पब्लिकला फक्त चेहरा हवा.

जे हॉटेलात वाजवू देत नसत ते मामा घरी वाजवायचा. दुपारच्या चहाच्या वेळेला, हॉटेलात जायच्या आधी, मागच्या खोलीत खाटेवर मांडी घालून. त्याची स्वतःची एक चाल होती. तिला नाव नव्हतं. ती खालच्या जाड तारेवर सुरू व्हायची, कुणीतरी फळकुटाच्या जिन्यावरून सावकाश चढत यावं तशी. मग वळण घ्यायची, परत खाली यायची, पुन्हा चढायची, आणि तिसऱ्या वेळेला एकदम बारीक तारेवर जाऊन किंचाळायची. किंचाळायची म्हणते, कारण आई तसंच म्हणायची. मला ती जागा सगळ्यांत आवडायची. माडीवर पोचल्यावर कुणीतरी खिडकी उघडावी तसं वाटायचं. पण नेमका तोच आवाज मधल्या खोलीत पप्पांच्या कानात शिरायचा. म्हणून ती जागा आली की आई चुलीपासून ओरडायची, "इनास, बंद कर!" आणि पळीनं टोपाच्या कडेवर दोन ठोके मारायची. ठण, ठण. मामा तेवढ्यापुरता थांबायचा. मग पुढची ओळ हळू आवाजात वाजवून संपवायचा. रोज. ज्या दिवशी आई बाजारात गेलेली असे त्या दिवशीसुद्धा तो त्या जागी थांबायचा, सवयीनं.

ठोक्यांनी पप्पा जास्त दचकत असतील, हे मी एकदा आईला सांगून पाहिलं. तिनं मला लसूण सोलायला बसवलं.

गल्लीच्या पलीकडे चाळ होती आणि तिच्या तळमजल्यावर किसनदादा राहायचे. पप्पांच्याच गिरणीत कामाला, पण पहिल्या पाळीला. लग्नाच्या दिवसांत त्यांचा बँड असायचा: स्वतः क्लॅरिनेटवर, त्यांचा चुलतभाऊ सखा झांजेवर, बाकी चाळीतलेच चार-पाच. त्यांच्या गावाकडे सणाला, लग्नाला, मयताला वाजवायचं काम त्यांच्या घराण्याच्या मानेवर होतं आणि बदल्यात मिळायचं शिळं अन्न. दीक्षा घेतल्यावर त्यांच्या सगळ्या भावकीनं ते काम टाकून दिलं. किसनदादा सांगायचे, "गावाला निरोप धाडला, आता या दारात कुणी वाजवणारा न्हाई. मुंबईत वाजवतो ते माझ्या मर्जीनं. मला वाटलं तर वाजवीन, न्हाई तर तुमचा नवरदेव मुक्यानं जाईल." त्यांचे लाल कोट शिवले होते आमच्या वाडीतल्या शिंप्यानं, पितळी बटणांसकट.

एका संध्याकाळी मामा हॉटेलात जायला निघाला होता आणि मी त्याच्या बुटांना ब्रश मारत होते. गल्लीतून त्याची चाल ऐकू आली. क्लॅरिनेटवर. आम्ही दोघं मागच्या दारात गेलो. किसनदादांचा बँड चाळीसमोर तालमीला उभा होता. त्यांनी रोज खिडकीबाहेर उभं राहून ती चाल उचलली होती, मामाला न विचारता. जिना चढला, वळला, पुन्हा चढला, आणि किंचाळायच्या जागेवर सगळे एकदम गप्प. सखानं झांज आपटली: ठण, ठण. मग पुढची ओळ, हळू आवाजात, अगदी मामा वाजवायचा तशी. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्यांना काय माहीत, चाल कुठे संपते आणि माझी आई कुठे सुरू होते. त्यांना वाटलं, हे सगळं मिळूनच गाणं आहे.

मामा उंबऱ्यावर खाली बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. किसनदादा कावरेबावरे झाले. "काय चुकलं का, मास्तर?"

"काही नाही," मामा म्हणाला. "तसंच ठेव."

आता त्यानं तसं म्हणायला नको होतं. पुढचं सगळं त्या दोन शब्दांनी झालं.

त्या उन्हाळ्यात वाडीतल्या फिलूचं लग्न होतं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी असतं: बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, नवरीच्या अंघोळीचं पाणी भरून आणतात. वाजवायला किसनदादांचा बँड सांगितला होता. आईनं लाल लुगडं नेसलं होतं, अंबाड्यात फुलं होती, कमरेवर घडा. भांडणाइतकीच ती नाचायलाही पुढे असायची. सकाळपासून तिनं फुग्यांचं, म्हणजे तळायच्या गोल पावांचं, पीठ फेसलं होतं, हात दुखत होते, तरी नाचत होती. विहिरीवरून परतताना बँडनं मामाची चाल धरली. आईनं ओळखली की नाही कोण जाणे, पण पाय थिरकले. बायका फिरल्या, घडे डुचमळले. आणि मग ती जागा आली. बँड थांबला. ठण, ठण. आणि त्या शांततेत वाडीतली सगळी पोरं एका सुरात ओरडली, "इनास, बंद कर!"

पोरांना ते पाठच होतं. रोज ऐकत होती. सगळी वाडी हसली. फिलूची आजी, जिला दात नव्हते, तीही हसली. आई एक पाय उचललेला तशीच उभी राहिली. मग तिनं घडा उतरवून फिलूच्या आईच्या हातात दिला आणि घरी निघून आली.

मामा तेव्हा दाढी करत होता. ती दारात उभी राहून म्हणाली, "मला वाडीभर नाचवलंस. पोरंटोरं माझी नक्कल करतात. तू शिकवलंस त्यांना."

"मी नाही शिकवलं गं. ते आपोआप शिकले."

"बंद करायला सांगितलंस का?"

मामानं वस्तरा पाण्यात बुडवला. खोटं बोलायचं त्याला जमत नसे, हा त्याचा मोठा दोष. मग त्यानं समजूत घालायचा प्रयत्न केला आणि ते आणखी वाईट झालं. "रोझी, खरं सांगू? हॉटेलात आम्ही सात जण आहोत, त्यातल्या एकालाही ठेका धरता येत नाही. तू बरोबर धरतेस. रोज, त्याच जागी."

"मी तुझ्या बँडमध्ये नाही," आई म्हणाली. "तुला जेवायला घालते. यापुढे तेवढंच."

आणि ती शब्दाला जागली. त्याचं ताट वाढून स्टुलावर ठेवायची आणि तोंड फिरवायची. बोंबील तळले तर त्याच्या वाटणीचे कुरकुरीत निवडून ठेवायची, पण "जेव" म्हणायची नाही. मामा दुपारी चाल वाजवायचा, त्या जागेपाशी यायचा, थांबायचा, स्वयंपाकघराकडे बघायचा. टोप गप्प. मग तो पुढची ओळ संपवायचा. मी मधे बसून दोघांनाही शिव्या घालायचे, मनात. पप्पांची झोप त्या दिवसांत छान व्हायची.

असं किती चाललं असतं कुणास ठाऊक, दोघंही एकाच मातीचे. पण एका सकाळी मामाला रक्ताची उलटी झाली. पोटात अल्सर होता, तो फुटला. हॉस्पिटलात नेईपर्यंत त्याची शुद्ध गेली आणि मग ती आली नाही. आई त्याच्या खाटेशी दोन दिवस बसून होती. तिनं त्याचे पाय चोळले, ओठ पुसले, नर्सशी भांडून चादर बदलून घेतली. त्याच्याशी बोललेली मी ऐकली नाही.

मयत घरी आणली तेव्हा किसनदादा टोपी हातात घेऊन दारात आले. "बाय, मास्तरला आम्ही वाजवत न्यावं म्हणतो. त्यांचीच चाल."

"नाही," आई म्हणाली. "माझ्या घरात नाही, देवळात नाही. लग्नाचा बँड माझ्या भावाच्या मातीला नको. आणि ती चाल तर नकोच."

मी म्हटलं, "मामाचं दुसरं आहे काय? त्याची एकच गोष्ट आहे आणि तीही तू..." आईनं माझ्या हातात मेणबत्त्यांचा पुडा दिला. किसनदादा टोपी फिरवत परत गेले. आणि थोड्या वेळानं रॉनी आला, फुलांचं मोठं चक्र घेऊन. हॉटेलचा अख्खा बँड देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, स्तोत्र वाजवेल असं त्यानं सांगितलं. आईला तो आवडत नव्हता, पण त्याच्या सुटाकडे बघून तिनं हो म्हटलं. त्या क्षणी मला आईचा जितका राग आला तितका आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी हरताळ होता. मोर्चे निघाले होते, बसगाड्या बंद. हॉटेलचा बँड आलाच नाही. रॉनी एकटा हॉटेलच्या मोटारीतून आला आणि देवळाच्या अंगणात इंग्रजीत भाषण केलं. बॉम्बेनं आपला सर्वांत मोठा गिटारिस्ट गमावला, वगैरे. माझ्या शेजारी उभे असलेले पप्पा, जे कधी कुणाला वाईट बोलत नसत, मोठ्यानं म्हणाले, "मग कुंडीमागे कशाला बसवला?" रॉनीनं न ऐकल्यासारखं केलं, घड्याळ बघितलं, तुमच्या लोकांच्या मोर्च्यानं रस्ते बंद होतील म्हणाला आणि मोटारीत बसला. शिवडीच्या दफनभूमीपर्यंतसुद्धा आला नाही. टेपरेकॉर्डरवाल्या गृहस्थांच्या पुस्तकात, मला माहीत आहे, रॉनीचं ते भाषण असणार आहे. ते कुठल्याशा इंग्रजी पेपरात छापून आलं होतं.

आम्ही चालत निघालो. पुढे क्रूस, मग पेटी, मग आम्ही मूठभर. वाजवायला कुणी नाही, नुसत्या चपला. वळणावर पोचलो तर समोरून मोर्चा येत होता. झेंडे, घोषणा, मुंबई कुणाची याचं उत्तर हजार गळ्यांतून. मयत दिसताच घोषणा पुढून मागे विझत गेल्या. झेंडे खाली आले. लोकांनी दुभागून वाट दिली, कुणी हात जोडले. आणि मोर्च्याच्या तोंडाशी लाल कोट घालून किसनदादांचा बँड उभा होता.

किसनदादा आईसमोर आले. "बाय, घरात नाय म्हणालात, आलो न्हाय. देवळात नाय म्हणालात, आलो न्हाय. आता हा रस्ता हाय."

सगळे आईकडे बघत होते. तिनं डोक्यावरचा पदर ओढला आणि नेहमीच्या भांडणाच्या आवाजात म्हणाली, "रस्ता काय माझ्या बापाचा आहे?"

किसनदादांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली.

बँड पुढे, मागे पेटी, मागे आम्ही, आणि आमच्या मागे मोर्च्यातले कितीतरी लोक, ज्यांना इनास कोण हे ठाऊक नव्हतं. चाल सावकाश घेतली होती. जाड तारेचा जिना ड्रमनं धरला होता. वर, वळण, खाली, पुन्हा वर. हॉटेलात त्या माणसाला इतक्या वर्षांत एकदाही कुणी पुढे बोलावलं नाही, आणि आता परळचा रस्ता भरून त्याचंच वाजत होतं. मी रडत नव्हते. मी रागानं चालत होते आणि पाय ठेक्यात पडत होते. तिसरी चढण आली. बारीक तारेची ती जागा क्लॅरिनेटनं गाठली आणि बँड थांबला.

सखानं झांजा उचलल्या होत्या. त्या त्यानं तशाच हवेत धरल्या. मारल्या नाहीत. मयतीत, त्या बाईसमोर, ते ठोके मारायची त्याची छाती झाली नाही. वाडीतली पोरंही ओठ मिटून होती. चपला थांबल्या, पेटी थांबली. किसनदादा पुढची ओळ उचलेनात, कारण ठोक्यांशिवाय ती उचलायची कशी हे त्यांना माहीतच नव्हतं. कुठल्यातरी गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांचा फडफडाट तेवढा ऐकू येत होता. ती शांतता लांबली, लाज वाटेल इतकी लांबली.

"इनास," आई ओरडली. आवाज फाटला. तिनं घसा खाकरला आणि पुन्हा ओरडली, चुलीपासून ओरडायची तशी, झोपलेल्या माणसाची पर्वा न करता. "इनास, बंद कर!"

ठण, ठण. आणि बँड पुढे निघाला.

शिवडीला माती लोटली तेव्हा आईनं पहिली मूठ टाकली, हात झटकले आणि फादरना सांगितलं की क्रुसावरचं नाव नीट लिहून घ्या, मागच्या वेळी आमच्या सासऱ्यांचं चुकवलंत. घरी येऊन तिनं पेज चढवली.

मामाची गिटार कपाटावर राहिली आणि वाळवीनं खाल्ली. कुणी रेकॉर्ड केलं नाही, कुणी कागदावर लिहून घेतलं नाही. किसनदादा गेले, बँडचे लाल कोट निळे झाले, पुढच्या पोरांनी चाल शिकून घेतली आणि त्यांच्याकडून दुसऱ्या बँडांनी. आता लालबागपासून घोडपदेवपर्यंत कुठल्याही वरातीत ती वाजते. त्या जागी सगळे नाचणारे हात वर करून थांबतात आणि दोन टाळ्या वाजवतात. ओरडत कुणी नाही, ते विसरलं गेलंय. मी ओरडते, आमच्या गॅलरीतून. सुनेला वाटतं, म्हातारपण लवकर आलं.

ते गृहस्थ निघताना म्हणाले, मामांचं काही जपून ठेवलंय का, एखादी वस्तू, फोटो काढायला? मी स्वयंपाकघरात गेले आणि आईची पळी आणून त्यांच्यासमोर धरली. पितळी आहे, जड आहे, एका बाजूला कड चेपलेली आहे. ते नमस्कार करून निघाले. कॅमेरा पिशवीतून काढला नाही. दार लावून मी आत आले, पळी धुतली आणि परत आमटीत घातली.